शजऱ्यात नसलेल्या बायका

आम्हा चौलच्या कोकणी मुसलमानांना शजऱ्याचं भारी कौतुक. बापाचा बाप, त्याचा बाप, असं करत थेट अरब दर्यावर्द्यांपर्यंत पोहोचणारे बुजुर्ग मी पाहिलेत. दहाव्या शतकात अल-मसूदी इथं आला (तो या गावाला सैमूर म्हणतो), तेव्हा त्याला सुमारे १०,००० मुसलमान आढळले. त्यातल्या कितीतरी जणांच्या आया याच किनाऱ्याच्या असाव्यात. त्यांची नावं कुणाच्याच शजऱ्यात नाहीत.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या पापण्या पंधराव्या वर्षी उतरू लागल्या. नजर लागली, या समजुतीत वर्ष गेलं. मग बुबुळं फिरेनात. बाजूला बघायचं तर तो अख्खी मान वळवी. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, आईची आई, तिची आई, त्यांची भावंडं, कुणाच्या पापण्या अशा होत्या? कुणाला लवकर बहिरेपण, तरुणपणी साखर? आम्ही गप्प. पणजीचं नावही कुणाला येईना.

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडून येतो. तो बिघडला की जास्त ऊर्जा लागणारे अवयव आधी थकतात : डोळ्यांचे स्नायू, कान, मेंदू, हृदय. कर्न्स आणि सेयर यांनी १९५८ साली वर्णन केलेल्या प्रकारात विशीच्या आत डोळ्यांचा त्रास सुरू होतो आणि हृदयाच्या ठोक्यांची वाट अडू शकते. वेळेवर पेसमेकर बसला तर जीव वाचतो. तावीज बांधायचा तर बांधा, पण ईसीजी आधी काढा. तो अलिबागलाही निघतो.

एवढं कळल्यावर घरात काय झालं? ‘आईकडचा रोग’ म्हणत सगळी बोटं बहिणीकडे वळली. तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नाबद्दल कुजबुज सुरू झाली. हा जुलूम आहे, शिवाय अडाणीपणाही. कर्न्स-सेयर बहुतेक वेळा वारशानं येतच नाही, त्या मुलातच नव्यानं घडतो. अशाच लक्षणांचे काही आजार आई आणि बाप दोघांच्या जनुकांतून येतात. तिथं आपल्यातली चुलत-मामे भावंडांची लग्नं धोका वाढवतात. जनुक तपासणीआधी कुणाचंच नाव घेऊ नये. शजरा मिरवताना आई आठवत नाही, दोष द्यायला मात्र पहिली तीच!

गेल्या रमजानात शजऱ्याची वही मी मागच्या पानापासून लिहायला घेतली. आई, नानी... रेवदंड्याच्या म्हाताऱ्या खालानं पणजीचं नाव सांगितलं. पणजीच्या आईचं तिलाही ठाऊक नव्हतं. “तिचे डोळे अर्धे मिटलेलेच असायचे म्हणे,” एवढंच बोलली. म्हातारपणी पापण्या कुणाच्याही उतरतात. तरी डॉक्टरांना कळवलंय. बहिणीच्या सासरी नाही.