कोठडीतला मृत्यू, अन् तोही ‘अकस्मात’?

पेण-रोह्याच्या नागरिकांनो,

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीबद्दल तुम्ही वाचलं आहे, ऐकलं आहे, चहाच्या टपरीवर हळहळलाही आहात. वय ३५, कायद्याचा विद्यार्थी. ११ डिसेंबर २०२४ ला पकडला, १५ डिसेंबरला मेला. सांगण्यात आलं, छातीत दुखू लागलं. शवविच्छेदनात निघाल्या अंगभर जखमा, आणि मृत्यूचं कारण निघालं त्या जखमांनी बसलेला धक्का. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनेही ठपका पोलिसांवरच ठेवला. एवढं सगळं कागदावर असूनही गुन्हा नोंदवायला कोणी तयार नाही. शेवटी आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्यावर राज्य सरकारने काय करावं? थेट दिल्ली गाठावी, कशासाठी, तर हा गुन्हा नोंदवावा लागू नये म्हणून! ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारला परत पाठवलं. मृत्यूपासून मोजा: २२७ दिवस. शिक्षा दूरच, आरोपपत्रही दूर. एवढे दिवस गेले ते नुसता एफआयआर लिहा, हे सांगायला.

पोलिसांच्या हातून माणूस मरतो, हे आपल्या रायगड जिल्ह्याला नव्याने शिकवायला नको. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झाडल्या सरकारने आणि खटला चालला गावकऱ्यांवर. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जमिनीचा भाव मागणारे पाच जण गोळीबारात गेले. त्यांचे हुतात्मा दिन आपण पाळतो, हार घालतो. तेव्हा ‘पोलीस बळाचा अतिरेक करतात का’ हा प्रश्न आम्ही या पत्रकात विचारत बसणार नाही. आमचं भांडण एकाच गोष्टीशी आहे, आणि ती दिसायला अगदी साधी, कारकुनी आहे. ताब्यातला माणूस मेला की ठाण्यात पहिली नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ची.

ही नोंद कशासाठी असते? कुंडलिकेत पाय घसरून कोणी बुडालं, शेतावर साप चावला, माडावरून माणूस पडला, तर त्याची नोंद या रजिस्टरात होते. तिथे तपासायचं एवढंच की यात कोणाचा हात नाही ना. आणि त्याच रजिस्टरात, त्याच रकान्यात, कुलूपबंद खोलीत सरकारच्या देखरेखीखाली मेलेला माणूस जातो. माड आणि पोलीस कोठडी यांत काहीच फरक नाही, असं मानणारी ही पद्धत आहे.

आता वडखळ नाक्यावर या. समजा, रात्री एखादं वाहन एका सायकलवाल्याला उडवून पळून गेलं. कोणी पाहिलं नाही, नंबर नाही, चालकाचं नाव नाही. तरीही गुन्हा नोंदला जातो: ‘अज्ञात वाहनचालकाविरुद्ध’. आणि योग्यच होतं ते. कायद्याला आरोपीचं नाव आधी लागत नाही, गुन्हा घडल्याची माहिती पुरते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात हेच सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद केलीच पाहिजे. मग ठाण्यातल्या मृत्यूचं काय? तिथे तर काहीच अज्ञात नसतं. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते हजेरीत लिहिलेलं. आरोपीला कोणी आणलं, किती वाजता आणलं, लॉकअपची किल्ली कोणाकडे, सगळं ठाणे डायरीत. महामार्गावरच्या अंधारातला अज्ञात ट्रकवाला आरोपी होऊ शकतो, पण दिव्याच्या उजेडात, नावानिशी हजर असलेल्या माणसांविरुद्ध गुन्हा लिहायला २२७ दिवस आणि दोन न्यायालयं लागतात!

गुन्हा लिहिताच येत नाही असंही नाही. ख्वाजा युनूस हा २७ वर्षांचा इंजिनिअर, तोही परभणीचाच. घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात २५ डिसेंबर २००२ ला पकडला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप दरीत गेली आणि तो पळाला. पळून गेल्याचा गुन्हा तेव्हा तत्काळ नोंदला गेला, ख्वाजा युनूसविरुद्ध! पुढे सीआयडीच्या तपासात ती गोष्ट बनाव निघाली. मृतदेह आजवर मिळाला नाही. चौदा जणांवर खटला चालवायची परवानगी मागितली गेली, सरकारने दिली चौघांपुरती. वीस वर्षं उलटून गेली, निकाल नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीच्या अनिकेत कोथळेचंही तेच: आधी ‘पळून गेला’, मग आंबोलीच्या घाटात जाळलेला देह. परभणीच्या दोन आया, दोन दशकांचं अंतर, मधल्या काळात संगणक आले, सीसीटीव्ही आले, कायद्यांची नावं बदलली. नोंदीची रीत मात्र जशीच्या तशी.

आकडे हवेत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचेच घ्या, म्हणजे पोलिसांनीच पोलिसांबद्दल कळवलेले. २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात कोठडीत मेले १,८८८. पोलिसांविरुद्ध गुन्हे ८९३. आरोपपत्र ३५८ जणांवर. शिक्षा किती जणांना? २६. वीस वर्षांत सव्वीस! आणि महाराष्ट्र पुरोगामी आहे ना आपला? २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत देशभर पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू झाले. गुजरात ८०, त्याच्या लगेच खाली आपण, ७६.

या सव्वीसच्या आकड्याचं मूळ पहिल्या दिवसाच्या नोंदीत आहे, म्हणून आम्ही तिच्यामागे लागलो आहोत. गुन्हा नाही म्हणजे तपास अधिकारी नाही. तपास नाही म्हणजे पट्टा, काठी, रक्ताळलेला सदरा जप्त होत नाही. ड्युटीवरच्यांचे मोबाइल ताब्यात घेतले जात नाहीत. शेजारच्या कोठडीतल्या माणसाचा जबाब कोणी घेत नाही, आणि पुढे तो जामिनावर सुटून कुठे वीटभट्टीवर निघून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला सांगितलं की प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, आवाज टिपणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, अगदीच अशक्य असेल तर निदान एक वर्ष, जपून ठेवा. पण ते मागायचं कोणी? तपासच नसेल तर कॅमेरा ‘नेमका त्या दिवशी बंद’ होता, हे ऐकायलाही कोणी समोर नसतं. सहा-आठ महिन्यांनी न्यायालय गुन्हा नोंदवायला लावतं तेव्हा हाती उरतो शवविच्छेदनाचा कागद आणि रडणारी आई.

आता आक्षेपांकडे येऊ. आक्षेप घेणारे आपल्यातलेच आहेत.

पहिला: ‘न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते ना, मग घाई कशाला?’ होते, आणि व्हायलाच हवी. आधीच्या संहितेत २००६ पासून होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पण तेच कलम नीट वाचा. ही चौकशी पोलीस तपासाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. चौकशी संपेपर्यंत गुन्हा थांबवा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ‘चौकशी सुरू आहे’ हे वाक्य म्हणजे थांबायला सांगण्याची सरकारी सभ्य रीत आहे.

दुसरा: ‘माणूस आजारी असू शकतो, हार्ट अटॅक कोणालाही येतो.’ खरं आहे. असेल आजार तर तपासात निघेल, आणि मग ‘सी समरी’, म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवायची सोय पोलिसांना आहेच. रोज कुठल्या ना कुठल्या प्रकरणात पाठवतातही. आजार सिद्ध करायला गुन्ह्याची नोंद आड येत नाही. उलट ‘आजार’ हे उत्तर तपासाच्या आधीच तयार असतं, तिथे घोळ आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवला. तिथल्या पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात काय होतं माहीत आहे? पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एकाचा मृत्यू. एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं तर तेच निवेदन इतिहास ठरलं असतं. इकडे ‘छातीत दुखू लागलं’, तिकडे ‘वैद्यकीय कारण’. एवढ्या बाबतीत आपली पोलीस ठाणी जागतिक दर्जाची आहेत.

तिसरा आक्षेप, ज्याने डोकं फिरतं: ‘तो काय साधू होता?’

बदलापूर. चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस. २३ सप्टेंबर २०२४ ला त्याला तळोजा तुरुंगातून, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातून, गाडीत घालून नेलं आणि मुंब्रा बायपासवर गाडीतच गोळी घातली. पेढे वाटले गेले. वाटणारे काही आपल्या ओळखीचेही निघतील. पेढे खाणाऱ्यांना विचारा, त्या मुलींना काय मिळालं? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटलाच संपतो. न्यायालयात गुन्हा शाबित होणं, आणखी कोणी पाठीशी होतं का ते उलटतपासणीत बाहेर येणं, हे सगळं त्या एका गोळीने गेलं. चार पोलिसांच्या मधे बसलेल्या माणसाला आवरता येत नाही, हे शौर्य म्हणायचं की नालायकी, तेही ठरवा. चकमकीतल्या मृत्यूनंतर एफआयआर आणि स्वतंत्र तपास झालाच पाहिजे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात दिला होता, २३ सप्टेंबर २०१४ ला. बरोबर दहा वर्षं, तोच दिवस! जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तरी गुन्हा नाही. फेब्रुवारीत मेलेल्याचे आईबाप उच्च न्यायालयाला म्हणाले, आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही, धावपळ झेपत नाही. न्यायालयाने प्रकरण सोडलं नाही, ७ एप्रिलला तपासाचा आदेश दिलाच. पण प्रत्येक वेळी न्यायालय असं चिकाटीने मागे लागेल का? गुन्हा नोंदणं नातेवाइकांच्या दमावर सोडलं की काय होतं ते इथे दिसतं. पेणच्या डोंगरातल्या वाडीवरचा कातकरी, ज्याच्या घरात आज मजुरीला गेलं नाही तर चूल पेटत नाही, तो मुंबईच्या उच्च न्यायालयात किती तारखांना उभा राहील?

चौथा, सर्वांत भारदस्त: ‘पोलिसांचं मनोधैर्य खचेल.’ यावर शांतपणे बोलू. गणपतीत पेणच्या रस्त्यांवर आणि महामार्गावर स्वतःच्या घरचा गणपती न पाहता जो शिपाई उभा असतो, त्याच्याबद्दल आम्हाला आदर आहे. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलिसांची सशस्त्र तुकडी देवाला मानवंदना देते. बंदुका सरळ, गणवेश कडक, सगळं गाव बघत असतं. तेव्हा आमचीही छाती भरून येते. म्हणूनच विचारतो की ‘अकस्मात’ नोंदीने या शिपायाचं काय भलं होतं? गुन्हा नोंदून तपास झाला तर मारणारा कोण आणि पाणी पाजणारा कोण हे वेगळं होतं. नोंद दाबली की सगळं ठाणं संशयात राहतं आणि हुकूम देणारा बदली घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात बढतीवर रुजू होतो. मनोधैर्य नेमकं कोणाचं जपायचं आहे?

कायद्याची गंमतही ऐका. १९७२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयात पोलीस निर्दोष सुटले. देश पेटला, आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं: कोठडीतली स्त्री संमती नव्हती म्हणाली तर न्यायालय ते खरं मानून चालेल. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, विधी आयोगाने आपल्या ११३व्या अहवालात त्याच्या शेजारचं कलम सुचवलं, ११४-ब: कोठडीत जखमा झाल्या तर त्या पोलिसांनीच केल्या असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, नसतील केल्या तर त्यांनी दाखवून द्यावं. चाळीस वर्षं झाली. २०२४ मध्ये पुरावा कायदा नावापासून नवा झाला, ती सूचना तशीच पडून. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता अजून दिलेली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मात्र तत्परतेने दर ठरवला. तुरुंगात कर्मचाऱ्यांच्या मारहाणीने कैदी मेला तर वारसांना ५ लाख, आत्महत्या असेल तर १ लाख. कोणत्या रकान्यात घालायचं याची पहिली नोंद करणार कोण, हे तुम्हीच ओळखा.

आमची मागणी एका ओळीची आहे: पोलिसांच्या ताब्यात कोणीही मेलं तर त्याच दिवशी गुन्हा नोंदवा, आणि तपास त्या ठाण्याबाहेरच्या, जिल्ह्याबाहेरच्या यंत्रणेकडे द्या.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. कोणाला पकडून नेलं तर दोघे-तिघे मिळून ठाण्यात जा. अटकेचा पंचनामा झाला का, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही आहे का, विचारा. डी. के. बसू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून, ते बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागा, ती देणं कायद्याने भाग आहे. चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं केलं का ते पाहा. नव्या संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं आणि पत्ते ठाण्यात ठळकपणे लावलेले हवेत. पेण आणि रोहा, दोन्हीकडे जाऊन पाहा. लावलेले नसतील तर लेखी अर्ज द्या, माहितीच्या अधिकारात कॅमेऱ्यांची स्थिती विचारा, आणि ग्रामसभेत ठराव मांडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.