मकरूहची यादी आणि खारट सालन

रमजान आला की आमच्या शाळेच्या भिंतीकडेला थुंकीचे डाग वाढतात. पाचवी-सहावीची मुलं दिवसभर थुंकत असतात. का रे, म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "टीचर, थूक गिळली तर रोजा तुटतो!" दुपारपर्यंत घसे कोरडे पडतात. तोंडात आपोआप येणारी लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही, मकरूहही होत नाही. मुद्दाम साठवून गिळणं तेवढं नापसंत. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, भीती मात्र सगळ्यांनी घातली.

मकरूह म्हणजे नापसंत. रोजा होतो, त्याचं तेज कमी होतं, एवढंच. पण आपल्याकडे 'मकरूह' आणि 'तुटला' हे दोन शब्द एकच झाले आहेत. मिसवाकचंच घ्या. हनफी मतात ती दिवसभर चालते, तर कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांच्या प्रसिद्ध मतानुसार दुपार ढळल्यावर ती मकरूह. दोन्ही मतं इमामांची, दोन्ही आदराची. मग एकमेकांच्या रोज्याचा निकाल लावणारे आपण कोण?

आता स्वयंपाकघरात या. विनाकारण चव घेणं मकरूह, हे प्रत्येक पुरुषाला पाठ असतं. पण औरंगजेबाच्या काळात उलेमांनी संकलित केलेल्या 'फतावा आलमगिरी'त पुढे काय आहे, ते कुणी वाचत नाही. नवरा तापट असेल, तर बाईने सालन जिभेवर चाखून पाहण्यास हरकत नाही. फक्त गिळू नये. फकीहांना शेकडो वर्षांपूर्वी त्या बाईची अडचण कळली. आपल्याला अजून कळत नाही. पहाटे सर्वांआधी उठून सहरी करणारी, दिवसभर रोजा ठेवून इफ्तारी रांधणारी बाई मीठ चाखायला घाबरते आणि सालन खारट झालं की दस्तरखानावर बोलणी खाते. भगिनींनो, ही सवलत जरूर घ्या. पण बंधूंनो, आपल्या रागापायी शरीअतला सवलत द्यावी लागली, याची थोडी लाज आपण बाळगाल का?

टूथपेस्ट वापरल्याबद्दल एकदा एका सहकाऱ्याने मला सुनावलं. पेस्ट मकरूह हे खरं, मी मान्य केलं. पण पुढचा अर्धा तास ते गैरहजर शिक्षिकेची निंदा करत बसले. गीबत तर मकरूहही नाही, सरळ हराम आहे. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये तिला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे. जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस बुखारीत आहे. तोंडात काय जातं यावर आपला पहारा कडक, तोंडातून काय निघतं त्याला दार सताड उघडं!

इमाम साहेबांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना विनंती आहे. यंदा यादी वाचताना सवलतीही वाचा आणि गीबतीपासून सुरुवात करा. मुलांना रोज्याची ओढ लागू द्या, धास्ती नको.