टाळ्या तलवारीला, दाब कोणाचा?

शॅम्पेनची बाटली तलवारीने उघडण्याच्या फ्रेंच प्रथेला 'साब्राज' म्हणतात. नेपोलियनच्या घोडदळाने ती सुरू केली, अशी आख्यायिका आहे. आजही समारंभात टाळ्या मिळतात त्या तलवार चालवणाऱ्याला. पण मित्रांनो, बाटली खरेच तलवार उघडते का?

या कामाला धार लागत नाही. तलवारीची बोथट बाजू काचेच्या जोडरेषेवरून सरकवत तोंडाच्या कडेवर आदळली की तिथे तडा जातो. पुढचे काम आतला वायू करतो. त्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त असतो. तो तयार होतो बंद बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनातून. आणि त्यामागे द्राक्षे पिकवणारे, खुडणारे, तळघरात बाटल्या फिरवणारे हात असतात.

1911 मध्ये शॅम्पेन प्रांतातले द्राक्ष-उत्पादक बाहेरून स्वस्त द्राक्षे आणणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध पेटून उठले. सरकारने तिथे सैन्य पाठवले. आख्यायिकेत मात्र घोडेस्वारच राहिला.

आम्हाला हेच सांगायचे आहे: इतिहास तलवारीचे नाव लिहितो, दाब निर्माण करणाऱ्यांचे लिहीत नाही. टाळी वाजवण्याआधी बाटली कोणी भरली, हे विचारायला शिकूया.