साठावा दिवस



भोर-वेल्ह्याच्या डोंगरातला एखादा पोरगा गांजाच्या पोत्यासकट धरला जातो. पोतं त्याचं, का दोनशे रुपये रोजावर त्याच्या डोक्यावर देणाऱ्याचं, हे पंचनाम्यात येत नाही. शिक्षा मात्र त्यालाच. मालक मोकळा, हमाल येरवड्यात. ही रीत जुनीच आहे.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. २००१ साली त्यात वजनाच्या पायऱ्या आल्या. आज गांजा १ किलोपर्यंत असला तर वर्षभरापर्यंत कैद; २० किलोच्या वर गेला की किमान १० वर्षं आणि किमान १ लाख दंड. म्हणजे काट्यावर आयुष्य तोललं जातं. मग काट्यावर काय ठेवलं होतं, हे विचारायला नको? कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांवाचून नुसती पानं न् बिया म्हणजे गांजा नव्हे. पाला, बी सगळं एकत्र तोललं असेल तर ते अपिलात मांडता येतं. गुन्हा कायम राहिला तरी शिक्षा खाली येऊ शकते.

अपीलच का? कारण दुसरं दार बंद आहे. कलम ३२-अ म्हणतं, सेवनाचा गुन्हा सोडला तर ह्या कायद्याखालच्या कैद्याला शिक्षेत सूट नाही. खुन्याला सूट मिळते, ह्याला नाही! ह्याच कलमानं कोर्टाचेही हात बांधले होते. २००० साली ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते सोडवले. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायचा अधिकार कोर्टाला परत मिळाला. अटी कडक आहेत, पण दार आहे.

त्या दाराला मुदत आहे. मुंबई हायकोर्टात अपिलाला ६० दिवस. आई रोज बुडवून वेल्ह्याहून यष्टीनं पुण्याला येणार, वकील फी सांगणार, ती परत जाणार. तेवढ्यात ६० दिवस सरतात. मग उशिराचं कारण पटवत बसा.

म्हणून नीट ऐका. निकालाची प्रत शिक्षा झालेल्याला फुकट मिळते. अपिलाचा अर्ज तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देता येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही वकील फुकट आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

नशा विकून वस्त्या नासवणाऱ्यांची आरती आम्ही ओवाळणार नाही. पण वस्तीवस्तीत एक वही ठेवा: शिक्षा कुणाला, कोणत्या तारखेला, साठावा दिवस कोणता. बाबासाहेब ज्या हायकोर्टात काळा कोट घालून उभे राहिले, तिथवर आपल्या माणसाचा साधा कागद पोचत नसेल, तर लाज कायद्याला नाही, आपल्याला वाटली पाहिजे.