फीडर उतरवण्याची घाई नको

सप्टेंबर लागला की अमेरिकेच्या पूर्व भागात दरवर्षी एक प्रश्न निघतो. उन्हाळाभर हमिंगबर्डसाठी परसात टांगलेला साखरपाण्याचा फीडर आता उतरवायचा की राहू द्यायचा? न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परसातही हे पक्षी येतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून एकच सल्ला कानावर पडतो: लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, फीडर काढून ठेवा, नाहीतर आयते खायला मिळते म्हणून पक्षी दक्षिणेला जायचेच नाहीत आणि थंडीत मरतील. या सल्ल्यामागची कळकळ खरी आहे. मात्र तो पाळला तर पक्ष्यांना मदतीची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी ती काढून घेतली जाते. म्हणून फीडर शरदातही टांगलेला राहिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पक्षी स्थलांतराला का निघतो, इथूनच सुरुवात करू. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटी बांधणारी हमिंगबर्डची जात एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम तीन ग्रॅम. (आपल्याकडे फुलांवर दिसणारा शिंजीर वेगळ्या कुळातला, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात.) अन्न संपले म्हणून हा पक्षी निघत असता, तर तो पानगळीनंतर निघाला असता. प्रत्यक्षात नर जुलैच्या अखेरीपासूनच दक्षिणेकडे सरकू लागतात, आणि तेव्हा फुले आणि कीटक दोन्ही मुबलक असतात. त्यांच्यामागून माद्या आणि त्या वर्षीची पिल्ले निघतात. पिल्लांना वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात, तरी ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेपर्यंत पोहोचतात. लहान होत जाणारा दिवस आणि शरीरातले उपजत वार्षिक घड्याळ त्यांना हलवते. पिंजऱ्यातल्या स्थलांतरी पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसले आहे: समोर भरपूर खाणे असूनही ठरावीक हंगाम आला की ते रात्रभर अस्वस्थ फडफडत राहतात. ज्या ओढीला पोटभर अन्न थोपवू शकत नाही, तिला परसातली पेलाभर साखर कशी थोपवणार?

आता या पक्ष्याला शरदात काय लागते ते पाहू. मेक्सिकोच्या आखाताचा सुमारे 800 किलोमीटरचा पट्टा अनेक रुबी-थ्रोटेड पक्षी एका दमात ओलांडतात. त्यासाठी अंगावर इतकी चरबी साठवावी लागते की वजन जवळजवळ दुप्पट होते. काही पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने जातात; टेक्सासच्या रॉकपोर्टमध्ये सप्टेंबरात त्यांची इतकी गर्दी होते की गाव त्यांचा उत्सवच साजरा करते. निसर्गातली त्यांची शिदोरी म्हणजे या दिवसांत बहरणारी रानफुले. त्यात ज्यूलवीड महत्त्वाचे. आपल्या तेरड्याचे हे भाऊबंद ऑगस्ट-सप्टेंबरात ओढ्याकाठी फुलते. पण जिथे ओढ्यांचे काठ बुजवून हिरवळी आणि वाहनतळ झाले, तिथे ही शिदोरी कमी पडते. शिवाय सप्टेंबरच्या मध्यावर फीडरवर दिसणारा पक्षी बहुतेकदा उन्हाळाभर दिसणारा नसतोच. स्थानिक पक्षी निघून जातात आणि उत्तरेकडचे वाटसरू त्यांच्या जागी येतात. आपल्याला वाटते पाहुणा रेंगाळला. खरे तर पाहुणे बदललेले असतात.

यावर पहिला आक्षेप असा: मग नोव्हेंबर-डिसेंबरातही एखादा हमिंगबर्ड फीडरवर का दिसतो? याचे उत्तर पायात कडी घालून केलेल्या अभ्यासाने दिले आहे. हे उशिराचे पाहुणे पुष्कळदा रूफस जातीचे असतात. त्यांची वीण खंडाच्या वायव्येला, पार अलास्कापर्यंत होते. पूर्वी त्यांना वाट चुकलेले समजत. पण काही पक्षी वर्षामागून वर्षे त्याच परसात हिवाळ्यात परतताना आढळले. जानेवारी 2010 मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथे कडे घातलेली एक रूफस मादी त्याच वर्षी जूनमध्ये अलास्कात पुन्हा पकडली गेली. दोन ठिकाणांतले अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक. थंड रात्री शरीराचे तापमान उतरवून ग्लानीत जाण्याची क्षमताही या पक्ष्यांत आहे. अशा पक्ष्याला फीडरने अडकवले म्हणणे त्याच्या प्रवासाशी जुळत नाही. आणि या पाहुण्यांची माहिती शास्त्राला मिळाली, त्यात शरदानंतरही फीडर न उतरवणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वाटा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा अ‍ॅनाज हमिंगबर्ड गेल्या काही दशकांत कॅलिफोर्नियातून थेट ब्रिटिश कोलंबियापर्यंत पसरला, आणि या विस्ताराचा संबंध बागा व फीडरशी असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे फीडर पक्ष्यांचे जीवन बदलतात, हे मान्यच करायला हवे. मात्र अ‍ॅनाज हा रुबी-थ्रोटेडसारखा लांब पल्ल्याचा स्थलांतरी नाही. तो बहुतांशी वर्षभर त्याच प्रदेशात राहतो. त्यामुळे फीडर स्थलांतर थांबवतो, असे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती आपली जबाबदारी. एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी, एवढेच मिश्रण असावे; मध नको, लाल रंग नको. उन्हाच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी फीडर घासून धुवायला हवा, कारण आंबलेले, बुरशी धरलेले पाणी पक्ष्यांना अपाय करते. जागा मांजरांपासून दूर आणि काचेवर आदळण्याचा धोका टाळणारी हवी. एवढे करणे जमत नसेल, तर फीडर जरूर उतरवावा. ते कारण रास्त आहे, लेबर डेचे नाही.

फीडरने सगळे प्रश्न सुटतील असा दावा मी करणार नाही. 1970 पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास तीन अब्ज पक्षी कमी झाले, आणि रूफसचीही संख्या झपाट्याने घटली आहे. ती भरपाई साखरपाण्याने होणार नाही. त्यासाठी कार्डिनल फ्लॉवर, ट्रम्पेट व्हाइनसारखी स्थानिक फुले आणि कीटकनाशकांपासून मुक्त परस हवे, कारण हमिंगबर्डला प्रथिने मिळतात ती लहान कीटक आणि कोळ्यांतूनच. पण झाड लावायला वेळ लागतो, आणि यंदाचे वाटसरू यंदाच जाणार आहेत. म्हणून शेवटचा हमिंगबर्ड दिसल्यानंतर निदान दोन आठवडे फीडर स्वच्छ आणि भरलेला ठेवावा, आणि तो पक्षी कोणत्या तारखेला दिसला हे कॉर्नेल विद्यापीठाच्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावे. जाण्याची वेळ पक्ष्याला कळते. त्याच्या वाटेवर खायला काही असावे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते आपण केले पाहिजे.