मुक्कामाचे शिक्षण

अमेरिकेतील महाविद्यालये मे महिन्यात मिटली, की युरोपातील काही जुन्या शहरांचे वय एकाएकी कमी झाल्यासारखे भासते. इटलीतील फ्लॉरेन्स हे त्यांपैकी एक. साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात अमेरिकन विद्यापीठांची अनेक केंद्रे आहेत आणि त्यांतील कित्येकांत पाच-सहा आठवड्यांचे उन्हाळी अभ्यासक्रम चालतात. कलेचा इतिहास, इटालियन भाषेची तोंडओळख, पुनरुज्जीवनकाळातील राजकारण, झालेच तर पाकशास्त्र, असे विषय असतात. अनेक ठिकाणी वर्ग सोमवार ते गुरुवार एवढेच भरतात. गुरुवारी सायंकाळी सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावर पाठीवर पिशव्या टाकलेल्या तरुण-तरुणींची जी गर्दी लोटते ती पाहिली म्हणजे या शिक्षणाचा खरा अभ्यासक्रम कोणता, असा प्रश्न पडतो. एक घोळका व्हेनिसला निघालेला असतो, दुसरा रोमला, तिसरा पिसाच्या विमानतळावरून बार्सिलोनाला किंवा प्रागला. रविवारी रात्री उशिरा सारे परततात, सोमवारी वर्गात डुलक्या घेतात आणि मंगळवारपासून पुढच्या गुरुवारच्या तिकिटांच्या शोधास लागतात.

या सहा आठवड्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एकंदर दिवस ४२. आठवड्यास चार याप्रमाणे वर्गाचे दिवस २४. उरलेले १८ दिवस सुटीचे. त्यांतील पाच आठवड्यांअखेरचे १५ दिवस जर बाहेरगावी गेले, तर ज्या शहरात राहून शिकण्यासाठी घरच्यांनी एवढा पैसा ओतला, त्या शहराच्या वाट्याला वर्गाबाहेरचे पुरते तीनच दिवस येतात. आणि तेही कपडे धुण्यात व राहिलेले निबंध पुरे करण्यात जातात. त्यातच राहण्याची सोय बहुधा आपल्याच देशबांधवांबरोबर, शिकवणे इंग्रजीतून आणि शिक्षकही पुष्कळदा मायदेशातून आलेले. अशा व्यवस्थेत मुक्कामाचे शहर धर्मशाळेसारखे होते: रात्रीपुरते टेकावे आणि उजाडताच पुढचा रस्ता धरावा.

प्रवास ही निंद्य गोष्ट आहे, असे कोणीही म्हणणार नाही. देशाटनाने माणूस चतुर होतो, ही आपल्याकडचीही जुनी धारणा आहे. पण त्या धारणेत देशाटनाच्या जोडीलाच विद्वानांचा सहवास आणि सभेतील वावर सांगितलेला आहे, हे सहसा विसरले जाते. नुसते पाय चालल्याने शहाणपण आले असते, तर टपालाच्या थैलीइतकी शहाणी वस्तू जगात दुसरी नसती. प्रश्न प्रवास करावा की न करावा हा नसून, शिक्षणाच्या नावाखाली घेतलेल्या मुदतीत प्रवासाचे स्थान कोणते असावे, हा आहे.

ज्यांनी ही प्रथा सुरू केली, त्यांच्या मनात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. डेलावेअर विद्यापीठातील रेमंड कर्कब्राइड या पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने १९२३ च्या जुलैत आठ विद्यार्थी 'रोशांबो' या जहाजाने फ्रान्सला गेले. अमेरिकन महाविद्यालयीन शिक्षणातील 'परदेशी वर्षा'ची सुरुवात या आठ जणांपासून मानली जाते. त्यांचा पहिला उन्हाळा कसा गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पॅरिसला जाण्यापूर्वी नान्सी या प्रांतिक शहरात राहून त्यांनी केवळ फ्रेंच भाषेचा अभ्यास केला. मगच सॉरबॉनचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले. राहणे फ्रेंच कुटुंबांत. उन्हाळा हा मुख्य शिक्षणाची पूर्वतयारी होता आणि त्या तयारीचा पहिला पाठ म्हणजे एका गावात मुकाट्याने बसून त्या गावची भाषा कानावर पडू देणे. स्मिथ महाविद्यालयाने १९३१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये आपला उपक्रम सुरू केला, तोही वर्षभराच्या मुक्कामाचाच.

आज चित्र पालटले आहे. २०१८-१९ या वर्षात शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ४० हजारांवर होती. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी उन्हाळ्यापुरते किंवा आठ आठवड्यांहून कमी मुदतीसाठी गेले होते. म्हणजे एके काळी जो पूर्वरंग होता, तोच आता संपूर्ण कीर्तन होऊन बसला आहे. या पालटाची कारणे अनेक आहेत. १९८५ मध्ये झालेला शेंगेन करार १९९५ पासून प्रत्यक्षात आला आणि सरहद्दीवरील तपासणी हळूहळू नाहीशी झाली. युरोपातील हवाई वाहतुकीवरील निर्बंध १९९० नंतरच्या दशकात उठले आणि स्वस्त विमानसेवांचे पीक आले. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा डोंगरातला रेल्वेप्रवास २००९ मधील नव्या द्रुतगती मार्गाने अवघ्या अर्ध्या-पाऊण तासावर आणला. दुसरीकडे, अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या लिंकन आयोगाने २००५ मध्ये दरवर्षी दहा लाख विद्यार्थी परदेशी पाठवण्याचे उद्दिष्ट सांगितले. उद्दिष्ट उदात्त होते. परंतु डोकी मोजण्याची सवय एकदा लागली, की डोक्यांत काय शिरले याची मोजदाद मागे पडते. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांवर ग्रंथालयाचे चित्र क्वचित आणि सूर्यास्ताचे हमखास दिसते, ते यामुळेच.

या अल्प मुदतीच्या शिक्षणाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. वर्षभर घर सोडून राहण्याची ऐपत सर्वांची नसते. नोकरी करून शिकणारा, परिचर्येचा किंवा अभियांत्रिकीचा भरगच्च अभ्यासक्रम असलेला, घरात आजारी माणूस असलेला विद्यार्थी सहा आठवडेच काय ते काढू शकतो. त्याला 'वर्षभर जात नसशील तर जाऊच नकोस' असे सांगणे म्हणजे परदेशी शिक्षण पुन्हा श्रीमंतांच्या मुलांपुरते राखून ठेवणे होय. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, त्या मुलाने शनिवारी व्हेनिसला धाव घेतली, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? पुन्हा येणे घडेल याची खात्री नसते, म्हणून आहे तेवढ्या वेळात सगळे पदरात पाडून घ्यावे, ही त्याची ओढ स्वाभाविक आहे. तथापि याच युक्तिवादातून उलट निष्कर्षही निघतो. ज्याच्याजवळ वेळ थोडा, त्याने तो अधिक जपून खर्चावा. गरीब माणूस मोजके पैसे घेऊन बाजारात जातो, तेव्हा दहा दुकानांत उधळत नाही. सहा आठवड्यांत अकरा शहरे पाहणाऱ्याच्या हाती शेवटी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' एवढेच उरते.

एका शहरात राहण्याने काय घडू शकते, याचा दाखला खुद्द फ्लॉरेन्सच्याच इतिहासात आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला. चिखल आणि जळणाचे तेल मिसळलेले पाणी चर्चमध्ये, संग्रहालयांत, घराघरांत शिरले. सांता क्रोचे चर्चच्या संग्रहातील चिमाबुएच्या क्रुसावरील चित्राचा मोठा भाग कायमचा नष्ट झाला. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ, वृत्तपत्रे व कागदपत्रे पाण्याखाली गेली. त्या वेळी इटलीतून आणि अन्य देशांतून तरुण मुले धावून आली. शहरात शिकत असलेले परदेशी विद्यार्थीही त्यांत होते. तळघरापासून वरच्या मजल्यांपर्यंत माणसांची साखळी करून त्यांनी हातोहात भिजलेली पुस्तके बाहेर काढली. शहराने त्यांना 'चिखलातले देवदूत' असे नाव दिले आणि ते नाव अद्याप कृतज्ञतेने घेतले जाते. त्या मुलांपैकी कितीजणांनी त्या हिवाळ्यात प्राग किंवा बार्सिलोना पाहिले असेल, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. पुस्तकाचे मोल काय असते, हे मात्र त्यांना कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नसते इतके त्या चिखलाने शिकवले.

अर्थात महापुराची वाट पाहत कोणी बसावे, असा याचा अर्थ नव्हे. शहराची संकटे आजही आहेत, फक्त ती इतकी दृश्य नाहीत. जुन्या फ्लॉरेन्समधील घरे पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने देणे फायद्याचे झाल्याने मूळ रहिवाशांना तेथे राहणे परवडेनासे झाले आणि २०२३ मध्ये नगरपालिकेला जुन्या भागात अशा नव्या भाडेघरांवर बंदी घालावी लागली. घोळक्याने येणारा, घोळक्यानेच राहणारा आणि शेजाऱ्याचे नावही न कळता परतणारा उन्हाळी विद्यार्थी या अडचणीत भर घालतो. त्याला पाहुणा म्हणावे की गिऱ्हाईक, हे यजमान शहरालाच कळेनासे झाले आहे. आणि जो स्वतः गिऱ्हाइकासारखा वागतो, त्याला शहरही दुकानच दाखवते.

शनिवार-रविवारी या विद्यार्थ्याने करावे तरी काय? उत्तर फार लांब नाही. शहराच्या बसने अर्ध्या तासात फीएझोलेच्या टेकडीवर जाता येते. तेथे रोमन रंगमंच आहे, त्याहून जुने इट्रुस्कन तटबंदीचे अवशेष आहेत, आणि खाली पसरलेले शहर एका नजरेत येते. अर्ध्या तासापेक्षा कमी रेल्वेप्रवासावर प्रातो आहे. चौदाव्या शतकातील दातिनी या व्यापाऱ्याची लाखाहून अधिक पत्रे तेथे जपलेली आहेत आणि जुन्या लोकरीपासून नवे कापड काढण्याचा तेथील धंदा अद्याप चालू आहे. याच गावात चिनी स्थलांतरितांची मोठी वस्ती असून २०१३ च्या डिसेंबरात तेथील एका कपड्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत सात चिनी कामगार मृत्युमुखी पडले. आजचा युरोप कशावर उभा आहे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला प्रातोतील एक दिवस प्रागमधील तीन दिवसांहून अधिक देऊन जाईल.

आणखी एक ठिकाण आहे. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लोच्या डोंगरात बार्बियाना नावाची लहानशी वाडी आहे. १९५४ मध्ये डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूची तेथे नेमणूक झाली आणि शाळेने नापास करून घरी धाडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्याने आपली शाळा उभी केली. त्या मुलांनी मिळून लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक १९६७ मध्ये निघाले आणि जगभर पोहोचले. मराठीतही त्याचा अनुवाद झालेला आहे. परदेशी जाणे हा मिलानीच्या शिक्षणक्रमाचा भाग होता. ही डोंगरातली मुले इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी अशा देशांत जात, पडेल ते काम करीत आणि कामगारांत राहून त्यांची भाषा शिकत. खिशात पैसे नव्हते, म्हणून फिरणे नव्हते. फिरणे नव्हते, म्हणून माणसे भेटली. परदेशी शिक्षण म्हणजे काय याची इतकी स्वच्छ व्याख्या कोणत्याही आयोगाच्या अहवालात सापडणार नाही. ती ज्या डोंगरात घडली, तो डोंगर फ्लॉरेन्सहून दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहे.

हे सारे विद्यार्थ्यांच्या सद्बुद्धीवर सोपवून चालणार नाही. विद्यापीठांनी काही साधे नियम करावयास हवेत. वर्ग शुक्रवारपर्यंत भरावेत. पहिले तीन आठवडे तरी बाहेरच्या सहली शहराच्या परिसरातच व्हाव्यात. रोज तासभर स्थानिक भाषा सक्तीची असावी. शक्य तेथे राहण्याची सोय कुटुंबात करावी. आठवड्यातून एक दुपार ग्रंथालयात, शाळेत किंवा वृद्धाश्रमात काम करण्यासाठी राखावी आणि त्याचे गुण द्यावेत. अखेरीस एक शनिवार-रविवार हवे तेथे जावयास मोकळा ठेवावा. भाषा थोडी कानावर पडल्यावर आणि डोळे तयार झाल्यावर पाहिलेले व्हेनिस हे पहिल्याच आठवड्यात धावत पाहिलेल्या व्हेनिसहून निराळे असते.

भारतातूनही आता अशा उन्हाळी शिक्षणासाठी मुले बाहेर जातात. जर्मनीच्या 'डाड' या विद्यार्थी-विनिमय संस्थेच्या एका योजनेतून आपल्याकडील विज्ञान व अभियांत्रिकीचे विद्यार्थी उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तेथील प्रयोगशाळांत काम करतात. शेंगेन करारातील एका देशाचा व्हिसा हाती असला की बाकीच्या देशांची दारे उघडतात, आणि मोहाची रेल्वे त्यांच्याही फलाटावर येऊन थांबते. त्यातून बाहेर जाण्यासाठी ज्या घराने ठेव मोडलेली असते किंवा कर्ज काढलेले असते, त्या घराची अपेक्षाही 'इतके जातोच आहेस, तर सगळे बघून ये' अशीच असते. तीत प्रेम आहे, हिशेबही आहे. पण हा हिशेब शहरांच्या संख्येत मांडला जातो, ही चूक आहे.

मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर घरी सर्वप्रथम विचारले जाते, 'काय काय पाहिलेस?' त्याला उत्तर म्हणून छायाचित्रे पुढे येतात, आणि ती पाहून होईपर्यंत चहा निवलेला असतो. त्याऐवजी 'तिथे तुला ओळखणारे कोण आहे?' असे कोणी विचारले तर? कोपऱ्यावरचा पाववाला, ग्रंथालयातला कारकून, जिन्यात भेटणारी म्हातारी, यांपैकी एखाद्याला जर तो विद्यार्थी पुढच्या उन्हाळ्यात पत्र लिहू शकत असेल आणि तेही त्याच्याच मोडक्यातोडक्या भाषेत, तर त्याचे सहा आठवडे सार्थकी लागले असे समजावे.