दाद कशाला म्हणायचं?



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या गल्ल्यांमधून पोरं गायब होतात. म्हणजे असतात तिथेच, पण चिखलात. कुणी दगड-विटा गोळा करत असतं, कुणी घरातलं जुनं बारदान पळवून आणतं, ते पातळ चिखलात बुडवून डोंगराच्या उतारावर पसरतं. वर मोहरी नाहीतर हळीव पेरतात, म्हणजे वसुबारसेपर्यंत गडावर हिरवळ उगवते. मग बुरूज, तट, महादरवाजा, पायऱ्या, मावळे आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. काही गल्ल्यांत हे काम इतकं मोठं असतं की त्याला ‘पोरांचा खेळ’ म्हणायला जीभ रेटत नाही. निपाणीकडेही हेच.

मग आपण पुण्यात, बंगळुरात, मुंबईत बसलेली मंडळी घरून आलेले फोटो बघतो. बघतो म्हणजे अंगठ्याने वर सरकवतो. आणि लिहितो, ‘मस्त!’ ‘एक नंबर!’ निपाणीचा असेल तर ‘नाद खुळा!’ दोन सेकंदांत काम संपलं, पुढचा फोटो.

त्या ‘मस्त’मध्ये वाईट काही नाही. पण एखाद्या पोराने राजगड केला आहे असं समजा. राजगडाला तीन माच्या: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. यातल्या संजीवनी माचीला दुहेरी तट आहे, बाहेरची भिंत पडली तरी आतली लढवता यावी म्हणून. आता या पोराने तो दुहेरी तट ओल्या मातीत उभा केला. दोनदा ढासळला, तिसऱ्यांदा राहिला. शेजारच्या घरी कुणीतरी बाजारातून आणलेला तयार प्लॅस्टरचा किल्ला मांडलाय. दोघांनाही आपण ‘मस्त’च म्हणणार. दुहेरी तटवाल्याला मनात काय वाटत असेल? त्याला एवढंच कळतं की कुणी बघितलंच नाही.

‘दाद’ हा शब्द मला यासाठीच आवडतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ न्याय. मराठीत तो दोन्हीकडे चालतो, आपण गाण्याला दाद देतो आणि कोर्टात दाद मागतो. सीमाभागातल्या माणसाला यातला दुसरा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली, आणि आपल्यातल्या कित्येकांचं शिक्षण, नोकरी, लग्न त्यानंतर होऊन गेलं. असो. मुद्दा असा की दाद म्हणजे खिरापत नव्हे. समोरच्याने जे केलं आहे त्याचा नीट हिशेब करून त्याचं त्याला देणं, म्हणजे दाद. (‘शाबास’ हा शब्दही तिकडचाच, ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. तो आशीर्वाद झाला. त्यासाठी काम बघावं लागत नाही.)

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा फरक रोज दिसतो. कुणी दहा ओळींचा कोड तपासायला दिला तर त्यावर पंधरा सूचना येतात. पाचशे ओळींचा दिला की एकच शेरा येतो, ‘छान दिसतंय’. पाचशे ओळी कुणी वाचलेल्या नसतात हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि तपासणाऱ्यालाही.

जुन्या नाट्यगृहात यावर चांगला उपाय होता. संगीत नाटकाची परंपरा ज्यांच्यामुळे रुजली ते अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आलं. पुढे या नाटकांतली पदं लोकांना इतकी आवडायला लागली की प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ची आरोळी यायची आणि नटाला ते पद पुन्हा म्हणावं लागायचं. कथेचा खोळंबा व्हायचा ही गोष्ट वेगळी. पण त्या आरोळीत एक नेमकेपणा होता. सगळं नाटक चांगलं आहे असं मोघम नव्हे, तर हे पद, हीच जागा, पुन्हा. गाणाऱ्याला तिथल्या तिथे कळायचं की आपलं काय पोचलं.

आपल्याकडच्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत मला या आरोळीची आठवण येते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, निपाणीकडे कारदगा. हिवाळ्यात ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळतात, पाहुणे अध्यक्ष भाषण करतात, कथाकथन होतं. आणि मग कविसंमेलन. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी कॉलेजात शिकणारी मुलगी. प्रत्येकाला सारख्याच टाळ्या मिळतात, आणि बरेचदा त्या ‘उरका आता’च्याही असतात. उतरल्यावर त्या मुलीला कुणी म्हणालं, ‘तुझ्या त्या विहिरीच्या कवितेतला शेवट मला पुन्हा ऐकव गं,’ तर तिला एका शालीपेक्षा जास्त मिळालं असं मी म्हणेन. शाल-श्रीफळाबद्दल मला आकस नाही, आमच्या घरातही चार-पाच शाली पडून आहेत. पण त्या कशाबद्दल मिळाल्या हे आता कुणालाच आठवत नाही.

बक्षिसांवरून एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी तो केला. ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतात अशी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा वर्गात ठेवली आणि नुसतं बघत बसले. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अनपेक्षित मिळालं त्यांचा उत्साह जिथल्या तिथे होता. आवडीचं काम कबूल केलेल्या बक्षिसासाठी करायला लागलं की ते कामच होऊन बसतं.

म्हणून किल्ल्यांच्या स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही, गल्लीतली पोरं मला गल्लीत शिरू देणार नाहीत. शिवाय या स्पर्धांत एक फार चांगली गोष्ट आहे. परीक्षक येतात तेव्हा पोरं किल्ल्याची माहिती सांगतात. ताठ उभं राहून, एका दमात, कुणी बांधला, किती दरवाजे, पाण्याची टाकी कुठे. चांगला परीक्षक ते पाठांतर संपू देतो आणि मग एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न ज्याला येतो त्या परीक्षकाला पोरं वर्षभर विसरत नाहीत, नंबर आला नाही तरी.

आता आपल्याच मातीतल्या एका मुलाबद्दल. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा जन्मला. घरची भाषा कन्नड. लहान वयातच तो मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब तसं गायला लागला. मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं, गावोगाव जलसे झाले, आणि मुंबईच्या जीना हॉलमधल्या परिषदेत दहा-बारा वर्षांच्या या मुलाला मोठ्या मोठ्या कलावंतांनी डोक्यावर घेतलं. इतकं कौतुक वाट्याला आलेलं मूल त्या काळात दुसरं सापडायचं नाही. पुढे तो मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला, तेही बरीच वर्षं.

मला विचाराल तर कुमारांचं नशीब जीना हॉलमध्ये उघडलं नाही, देवधरांच्या शाळेत उघडलं. हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाला टाळ्या देणारे हजार असतात. तू हे कसं करतोस, त्या गवयाने ही जागा इथेच का घेतली, असं विचारत बसणारा एखादाच असतो. पुढे १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला गेल्यावर कुमारांना वर्षानुवर्षं गाता आलं नाही. त्या काळात टाळ्या नव्हत्याच. तरी ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, विचार करत राहिले, आणि नंतर जे गायले ते कुणाचीच नक्कल नव्हतं. नुसत्या टाळ्यांवर वाढलेला मुलगा तेवढी वर्षं तग धरून राहिला असता असं मला वाटत नाही.

‘काय हुशार आहे गं तुझा मुलगा!’ हे वाक्य आपल्या घरांत रोज म्हटलं जातं. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवर याचीच परीक्षा घेतली. एका सोप्या कोड्यानंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढच्या वेळी पहिल्या गटातली बरीच मुलं सोपंच कोडं निवडू लागली, आणि अवघड कोड्यात अडकल्यावर त्यांचं नंतरचं कामही घसरलं. या संशोधनावर पुढे वादही पुष्कळ झाले, पण आपल्या आसपासच्या ‘हुशार’ मुलांना नवं वाद्य किंवा नवा खेळ शिकायला सांगून बघा. हुशारी जाईल या भीतीने हातच लावत नाहीत.

अर्थात आपल्या आज्ज्यांचं तंत्र याच्या अगदी उलट. तोंडावर कौतुक करायचंच नाही. दृष्ट लागते, पोरगं डोक्यावर चढतं. समोर म्हणायचं, ‘बरं केलंयस की,’ आणि शेजारणीकडे जाऊन तासभर त्याचंच पुराण. रात्री मीठ-मोहरी उतरवून टाकायची. आज्जीचं प्रेम कुणाला कळत नव्हतं असं नाही, पण ती शेजारणीला जे सांगायची ते तपशीलवार असायचं, आणि ते नेमकं त्या पोराच्या कानावर पडायला हवं होतं.

कौतुकापेक्षा अवघड प्रश्न दुरुस्तीचा. आपल्या पुढच्या पिढीची मराठी आता बहुतेक फक्त बोलण्यातली आहे. शाळा इंग्रजी नाहीतर कन्नड. त्यातून एखादा भाचा, एखादी पुतणी आपणहून चार ओळी मराठीत लिहिते. सहलीचं वर्णन, आज्जीच्या हातच्या कुंद्याबद्दल, काहीही. आणि पहिला प्रतिसाद येतो, ‘आणि’मधला ‘णि’ पहिला. दुसरा येतो, ‘करूलालाय’ असं लिहीत नाहीत, ‘करत आहे’ लिहितात. दोन्ही सूचना व्याकरणात बरोबर आहेत. पण त्या मुलीने लिहिलेलं कुणी वाचलं याचा पुरावा त्यात नाही. ती पुढच्या वेळी इंग्रजीत लिहिते, तिथे स्पेलिंग फोनच सुधारतो. मराठी शाळा कमी होत चालल्या म्हणून आपण सभा घेतो, मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण घरातल्या घरात आपणहून मराठी लिहिणारं एक माणूस आपण असं गमावतो, आणि त्याची नोंदही होत नाही.

‘काय करूलालास?’ ही बेळगावची मराठी आहे, चुकीची मराठी नव्हे. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी, ‘वनवास’ आणि पुढची पुस्तकं, याच कन्नडच्या शेजारात वाढलेल्या मराठीचा गोडवा घेऊन आल्या आणि सगळ्या महाराष्ट्राने त्या वाचल्या. ऱ्हस्व-दीर्घ सांगा, जरूर सांगा, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी, आणि तिला एकटीला. पहिल्यांदा विचारा, कुंदा करताना दूध किती वेळ आटवायची गं आज्जी? मग ती आणखी चार ओळी लिहील, आणि त्यातही ‘णि’ चुकेल.

घेणाऱ्याचीही एक बाजू आहे. आपल्याकडे कुणी चांगलं म्हटलं की लगेच, ‘छे छे, कसलं काय, असंच आपलं वेळ जात नव्हता म्हणून.’ समोरच्याने खरोखर वीस मिनिटं घालवून बघितलेलं असतं, आणि आपण त्याची नजर खोटी ठरवतो. ‘आवडलं? मला तो कोपरा जमला नाही असं वाटत होतं,’ एवढं म्हटलं तरी बोलणं पुढे जातं.

तेव्हा या दिवाळीला गावी जाणार असाल तर किल्ल्यांसमोर नुसता सेल्फी काढून निघू नका. गुडघ्यावर बसा, कारण किल्ला पोरांच्या उंचीवरून बघायचा असतो. प्रश्न सोपे आहेत. शत्रू कुठून येणार? पाणी कुठे साठवलंय? रायगड असेल तर महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवला आहे का ते शोधा, तो लांबून दिसला तर थोडं चिडवा. येळ्ळूरचा राजहंसगड कुणी केला असेल तर त्याला विचारा की स्वतः कधी चढून गेला होता का. आणि एखादा पोरगा म्हणाला, ‘काका, मागून या, चोरदरवाजा दाखवतो,’ तर घरी फोन करून सांगा की फराळाला उशीर होईल.